खिडकीच्या काचेवर पक्षी रोज येऊन आपटतोय? आधी ती काच बाहेरून बघा

फेब्रुवारी संपत आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "अगं, एक पक्षी रोज सकाळी आमच्या खिडकीवर टकटक करतो. हाकलला तरी परत येतो. त्याला आत यायचंय का? भूक लागलीय का?" मग मे-जूनच्या सुमारास दुसऱ्या तऱ्हेचा फोन येतो: "गॅलरीत एक रंगीत पक्षी पडलाय, डोळे मिटून बसलाय, काय करू?" दोन्ही घरांत काच सारखीच असते, पण दुखणं वेगवेगळं असतं. पहिल्या घरात पक्षी काचेशी भांडतोय. दुसऱ्या घरात त्याला काच दिसलेलीच नाही. हे दोन्ही एकच समजून उपाय केले की फसतात, आणि लोक कंटाळून सोडून देतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आमचं घर साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला. स्वयंपाकघराची मोठी सरकती खिडकी पूर्वेला आहे, बाहेर जास्वंद आणि शेवगा, कुंपणापलीकडे उंबराचं मोठं झाड. पक्षी बघायला यापेक्षा चांगली जागा नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने पक्ष्यांना काचेचा त्रासही इथे जास्त. झाड जितकं जवळ तितकं ते काचेत जास्त दिसतं.

आधी निदान

पक्षी काय करतो ते पाहण्याआधी खिडकीचा कट्टा बघा.

कट्ट्यावर विष्ठेचे पांढरे डाग साचलेत, काचेच्या खालच्या भागात बारीक बारीक ठिपके आणि ओलसर रेघा वाळलेल्या दिसतायत, तेही एकाच कोपऱ्यात, तर ते भांडण आहे. पक्षी बहुतेक तोच असतो आणि वेळही ठरलेली असते, आमच्याकडे सकाळी सात ते साडेनऊ. आवाज टक, टक-टक, मध्ये पंखांची फडफड, परत टक.

याउलट धप्प असा एकच आवाज आला, काचेवर वरच्या बाजूला एखादं पीस चिकटलेलं दिसलं, खाली पक्षी पडलेला किंवा कुठेच काही नाही, तर ती टक्कर आहे. पारवे आणि होले यांच्या पिसांवर पावडरसारखी बारीक भुकटी असते. ते आपटले की काचेवर त्यांचा ठसा उठतो. मी एकदा तिरप्या उन्हात असा ठसा नीट पाहिला. दोन्ही पंख पसरलेले, प्रत्येक मोठ्या पिसाची कड वेगळी, मधोमध छातीचा गोल. पक्षी शेवटच्या क्षणापर्यंत पुढेच जात होता, वळायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नव्हता, हे त्या ठशातून स्पष्ट दिसत होतं. बराच वेळ मला ती काच पुसवली नाही.

आता दुसरी पायरी, आणि बहुतेक जण हीच गाळतात. बाहेर जा. पक्षी ज्या वेळी येतो त्याच वेळी, तो ज्या फांदीवरून येतो तिच्या शक्य तितक्या जवळ उभे राहा आणि काचेचा फोटो काढा. घरात उजेड कमी आणि बाहेर जास्त, म्हणजे दिवसभर बाहेरून काच आरशासारखीच वागते. आतून आपल्याला पारदर्शक दिसणाऱ्या काचेत बाहेरून आकाश, उंबर आणि जास्वंदीचं फूल दिसतं. ऊन अडवायला लावलेली चकचकीत फिल्म असेल तर अगदी लख्ख दिसतं. हा फोटो एकदा पाहिला की पुढचं निम्मं काम झालं.

भांडणारा पक्षी

आमच्याकडे दयाळ होता. नर, काळा कुळकुळीत, पोट आणि पंखावरचा पट्टा पांढरा, शेपटी उभी. थंडीत तो कुठेतरी झुडपात गप्प असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र पहाटे अंधारातच तारेवर बसून गायला लागतो, ते ही हद्द माझी असं सांगायला. एका सकाळी तो ग्रिलवर उतरला आणि काचेत त्याला दुसरा दयाळ दिसला. त्याने छाती फुगवली, चोच आकाशाकडे केली, शेपटी पसरली. समोरच्यानेही तेच केलं.

खऱ्या भांडणात हे प्रकरण लवकर संपतं. एकजण माघार घेतो, उडून जातो, फार तर एक झटापट होते. काचेतला दयाळ मात्र कधीच हरत नाही आणि कधीच निघून जात नाही. हा उडाला की तोही जातो, हा परत आला की तो हजर. म्हणून हे रोज चालतं, कधी आठवडेच्या आठवडे. त्याला भूक लागलेली नसते आणि घरातही यायचं नसतं. काही घरांत याला अपशकुन समजतात, त्यांनाही मी हेच समजावून सांगते. अपशकुन वगैरे काही नाही, जवळपास त्याचं घरटं आहे किंवा होणार आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दयाळासारखेच चिरक, शिंजीर, बुलबुल, धोबी, नाचण हेही काचेशी भांडतात. शिंजीर तर इवलासा, तरी उन्हात निळाजांभळा चमकत काचेसमोर तरंगत राहतो आणि वाकडी बारीक चोच मारत राहतो. त्याची वीण संपली की नराचा तो रंग उतरतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टी तेवढी उरते, आणि त्याबरोबर भांडणही थांबतं. सातभाईंचा राग गाड्यांच्या आरशांवर. गाडी घराबाहेर लावलेली असताना आरशांवर कापडी पिशवी चढवून नाडी बांधली की तो प्रश्न सुटला.

यात पक्षी सहसा मरत नाही. पण तो दमतो. सकाळचे जे दोन-अडीच तास अळ्या शोधून पिल्लांना भरवायचे, ते काचेवर जातात. घरट्यापासून तो इतका वेळ लांब राहिला तर कावळ्याला आयती संधी. त्यामुळे "जाऊ दे, थकेल आपोआप" असं म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

जे चाललं नाही ते आधी सांगते. आतून पडदा ओढला, तर उलट झालं. गडद पडद्यामुळे काचेमागे अंधार वाढला आणि प्रतिबिंब आणखी ठळक झालं. जुन्या सीडी टांगल्या, तर तो दोन दिवस बिचकला आणि तिसऱ्या दिवशी सीडीच्या बाजूला बसून भांडायला लागला. घारीचं काळं चित्र चिकटवलं, तेही तसंच. न हलणाऱ्या चित्राला पक्षी शिकारी मानत नाही, त्याच्या लेखी तो काचेवरचा एक काळा डाग, बाजूची बाकीची काच मोकळीच. दाणे ठेवले तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण मग इतर पक्षीही काचेजवळ जमतात. आणि हाकलण्याचा उपयोग नाही, कारण आपण काचेतल्या शत्रूला हाकलत नाही, यालाच हाकलतो.

चाललं ते इतकं साधं आहे की सांगताना लोकांना खरं वाटत नाही. अंघोळीच्या साबणाची ओली वडी काचेला बाहेरून फासायची. पातळ पांढरा थर बसतो, आत उजेड येतो, पण प्रतिबिंब पुसट होतं. आमचा दयाळ पहिल्या दिवशी आला, ग्रिलवर बसला, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे केली, आणि बाजूच्या शयनगृहाच्या खिडकीवर गेला. तिथे दुसरा दयाळ जिवंत होता. हे तुमच्याकडेही होणार, म्हणून एक काच झाकून थांबू नका. त्या बाजूच्या सगळ्या काचा एकाच दिवशी करा, गाडीचे आरसे आणि चकचकीत स्टीलची टाकी असेल तर तीही. आमच्याकडे तिसऱ्या दिवसापासून तो परत तारेवर गायला लागला.

साबण वळवाच्या पहिल्या सरीला धुऊन जातो, मग परत फासायचा. घाई असेल तर बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, आठवडाभर पुरतं. आणि सरकती खिडकी असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे त्या दोन तासांत काचेचा पल्ला सरकवून खिडकी जाळीवर ठेवा. मात्र जाळी बाहेरच्या ट्रॅकवर आहे की आतल्या, ते आधी बघा. आमची आत होती, त्यामुळे काच बंद ठेवून नुसती जाळी पुढे ओढण्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

एक विनंती: घरटं सापडलं तर ते हलवू नका. प्रश्न काचेचा आहे, घरट्याचा नाही.

काच न दिसलेला पक्षी

इथे प्रकरण गंभीर आहे. भरधाव आलेला पक्षी काचेवर आपटला की मेंदूला आणि आत मार बसतो. थोड्या वेळाने उडून गेला म्हणजे वाचला असं नाही, बरेचसे पुढे झाडीत जाऊन मरतात, ते आपल्याला दिसत नाहीत. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे दरवर्षी इमारतींवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज साडेछत्तीस कोटी ते जवळपास नव्याण्णव कोटी असा निघाला. त्यात उंच मनोऱ्यांचा वाटा अगदी थोडा होता. बहुतेक पक्षी घरांवर आणि लहान-मध्यम इमारतींवर आपटलेले होते. म्हणजे आपल्यासारख्यांच्या खिडक्यांवर.

आपल्याकडे फळांच्या झाडांकडे झेपावणारे पक्षी जास्त सापडतात: तांबट, कोकीळ, हरियाल, होले. हरियालांचा थवा उंबरावरून भर्रकन उठतो तेव्हा ते कुठे वळतील सांगता येत नाही. शिक्र्याने पाठलाग केला की बुलबुल सरळ काचेवर येतात. कोकणात आणि गोव्यात रानालगतच्या घरांत पाचू कवडा आपटतो, तो जमिनीलगत फार वेगाने जाणारा पक्षी आहे. खंड्याही तसाच, सरळ रेषेत जाणारा.

हल्ली पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये गॅलरीला लोखंडी गजांऐवजी काचेचा कठडा असतो. आत कुंड्या, बाहेर झाड, मधे काच. शिंजिराला आतली जास्वंद दिसते, तो थेट तिच्याकडे येतो. इथे प्रतिबिंबाचा प्रश्न नाही, आरपार दिसण्याचा आहे. खोलीच्या दोन समोरासमोर खिडक्या असतील तर तेच: पलीकडचं आकाश दिसतं आणि पक्ष्याला वाटतं वाट मोकळी आहे. या प्रकारात मात्र आतला पडदा कामाला येतो, फक्त तो गडद नको, पांढरा किंवा फिकट घ्या.

कायमचा उपाय म्हणजे काच पक्ष्याला भरीव दिसली पाहिजे. खुणा काचेच्या बाहेरच्या बाजूला हव्यात, कारण आतल्या खुणा बाहेरच्या प्रतिबिंबाखाली लपून जातात. आणि दोन खुणांमधलं अंतर आडवं-उभं पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. लहान पक्षी अगदी चिंचोळ्या फटीतून निघून जाऊ शकतो, त्यामुळे तळहाताएवढी मोकळी जागा दिसली तरी तो तिथे घुसायला बघतो. म्हणूनच मोठ्या काचेवर मधोमध चिकटवलेलं एक स्टिकर निरुपयोगी.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. तसेच ठिपके काचेवर, पाच-पाच सेंटिमीटरवर, प्रत्येक ठिपका शेंगदाण्याएवढा. माझ्या मुलीने आणि मी एका रविवारी पांढऱ्या ऑइल पेंटने आमच्या खिडकीवर असे ठिपके काढले. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद काचेला आतून चिकटवला, भोकांतून ठिपके बाहेरून दिसत होते, त्यावर ब्रशच्या मागच्या टोकाने रंग टेकवत गेलो. कागदाची भोकं जवळ होती म्हणून एक सोडून एक घेतली. दीड तास लागला. आतून बघताना चार दिवसांनी ठिपके जाणवेनासे झाले. त्यानंतर त्या काचेवर टक्कर झालेली नाही, आणि दयाळानेही तिथे भांडण काढलेलं नाही. ज्यांना पक्का रंग नको त्यांनी पोस्टर कलर वापरावा, पावसात जातो पण फडक्याने पुसूनही निघतो.

काचेला हातच लावायचा नसेल तर दोऱ्यांचा पडदा करा. खिडकीच्या वर बाहेरून एक गज लावायचा आणि त्यावरून जाड दोऱ्या खाली सोडायच्या, दर दहा सेंटिमीटरला एक. चार फुटी खिडकीला बारा-तेरा दोऱ्या पुरतात. खालची टोकं मोकळी ठेवली तरी चालतात, वाऱ्यावर हलतात ते बरंच. दोऱ्या उभ्या असतील तर पाचऐवजी दहा सेंटिमीटरवरही काम भागतं, असा अनुभव आहे.

मच्छरदाणीची जाळी बाहेरून ताणून लावणं हा तिसरा मार्ग. ती काचेपासून चार बोटं लांब आणि ताठ हवी, म्हणजे पक्षी आपटला तरी झोळीसारखा मागे फेकला जातो. ढिली सोडलेली जाळी लावू नका, तिच्यात पाय अडकतात. कबुतरांसाठी लावतात ती मोठ्या भोकांची जाळी इथे उपयोगाची नाही, शिंजीर तिच्यातून सहज आत येतो आणि मग अडकतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी खिडकीतून बाहेर लोंबकळून यातलं काहीही करू नये. पल्ले काढता येत असतील तर आत काढून ठिपके करा आणि परत बसवा. नाहीतर काच पुसणाऱ्या माणसाला सांगा.

पाण्याचं भांडं कुठे ठेवताय तेही बघा. काचेपासून काही मीटरवर ठेवलेलं भांडं वाईट, कारण दचकून उडालेल्या पक्ष्याला पूर्ण वेग घ्यायला तेवढं अंतर पुरतं. एकतर अगदी काचेला लागून, एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे आपटला तरी जोर नसतो. किंवा दहा मीटरच्या पलीकडे. आमचं मातीचं परळ पूर्वी अंगणाच्या मधोमध होतं. ते कट्ट्याजवळ आणल्यावर बुलबुल आणि चिमण्या इतक्या जवळून दिसायला लागल्या की दुर्बिणीची गरज उरली नाही.

नवरंग, आणि पडलेल्या पक्ष्याचं काय करायचं

मेच्या शेवटी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाच्या आगेमागे नवरंग दक्षिणेकडून येतो. हिरवी पाठ, खांद्यावर निळा चट्टा, बुडाखाली लालभडक, शेपूट जवळपास नाहीच. तो रात्री प्रवास करतो, आणि दमून, दिव्यांनी गोंधळून शहरातल्या घरांत, जिन्यांत, गॅलऱ्यांत सापडतो. या दिवसांत गॅलरीचे आणि गच्चीचे दिवे रात्री बंद ठेवा, आतले पडदे ओढा. ऑक्टोबरमध्ये तो परत जाताना पुन्हा तेच.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये पहाटे आमच्या मागच्या दाराशी एक पडला होता. पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी, श्वास जोरात. मी काय केलं ते सांगते, कारण घाबरून लोक नेमकं उलट करतात.

पाणी पाजलं नाही. शुद्धीवर नसलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी टाकलं की ते श्वासनलिकेत जातं. खायलाही काही दिलं नाही. बुटांच्या खोक्याला सुईने भोकं पाडली, तळाशी जुना सुती रुमाल घातला, त्याला दोन्ही हातांनी पंख मिटून अलगद उचललं आणि खोक्यात ठेवून झाकण लावलं. खोका पंख्याच्या, मांजराच्या आणि मुलांच्या वाटेपासून दूर, अंधाऱ्या शांत खोलीत. दर पाच मिनिटांनी उघडून बघायचं नाही, त्याच्यासाठी आपला चेहरा म्हणजे शिकारी. पाऊण तासाने खोक्यात टकटक आणि उड्यांचा आवाज आला. खोका कुंपणापाशी झुडपाखाली नेऊन आडवा केला आणि झाकण काढून मागे सरले. हवेत उडवायचं नसतं, उडता आलं नाही तर परत आपटतो. तो दोन उड्या मारून बाहेर आला, एक क्षण पालापाचोळ्यात थांबला, आणि जास्वंदीखाली नाहीसा झाला. संध्याकाळी ओढ्याकडून त्याची दोन सुरांची शीळ आली. तोच होता की दुसरा, मला ठरवता आलं नाही, पण मी अंगणात उभी राहून शेवटपर्यंत ऐकली.

दोन तासांत उभा राहिला नाही, पंख लोंबतोय, रक्त दिसतंय किंवा डोकं एका बाजूला कलतंय, तर घरी उपचार करत बसू नका. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे कळवा, किंवा गावात पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य असतील तर खोक्यासकट त्यांच्याकडे न्या. बरा झाला म्हणून पिंजऱ्यात ठेवायचा विचार मुलं हमखास बोलून दाखवतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आपल्याकडचे रानपक्षी पाळणं गुन्हा आहे, हे त्यांना तिथेच सांगून टाका.

"आता वीण संपली, ठिपके पुसू का?"

हा प्रश्न पावसाळ्यानंतर येतो. दयाळ, शिंजीर यांचं भांडण संपलेलं असतं हे खरं. पण ऑक्टोबरात थिरथिरा येतो, शेपूट सतत थरथरवणारा, हिवाळ्याचा पाहुणा. तो इथे घरटं करत नाही, तरी हिवाळ्यापुरती स्वतःची हद्द राखतो आणि काचेतल्या थिरथिऱ्याशी मार्चपर्यंत भांडू शकतो. टक्कर तर बाराही महिने होऊ शकते. साबण फासला असेल तर हवा तेव्हा धुवा, ठिपके मात्र राहू द्या. आमचे तीन पावसाळे टिकलेत, दोन-चार उडाले होते ते गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मुलीने परत भरले.